विकिपीडियाच्या यादीत नाव हवंय? पैसे मोजण्याआधी हे चार प्रश्न विचारा



नवीन उद्योजकांच्या बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो. "सर, आमच्या वेबसाइटचं नाव विकिपीडियावर टाकायचं तर काय करायचं?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा. "एक जण करून देतो म्हणतोय, पैसे देऊ का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. देऊ नका. पण नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. समोरचा माणूस गॅरंटी देतोय, चार लिंक दाखवतोय, "एकदा विकिपीडियावर आलात की ब्रँड झालात" म्हणतोय. मग मन चलबिचल होतंच.

जरा हिशोब करू. समजा त्याने २५,००० रुपये मागितले आणि तुमच्या धंद्यात १५ टक्के मार्जिन आहे. हे पैसे परत मिळवायला तुम्हाला साधारण १ लाख ६७ हजारांची जास्तीची विक्री करावी लागेल. एवढ्या पैशात जे मिळणार ते टिकणार का, हे कळायचं असेल तर विकिपीडियाच्या याद्यांमध्ये कोण बसतं आणि कोण नाही, हे नेमकं कसं ठरतं ते समजून घ्यायला हवं. आजचा विषय तोच.

डिरेक्टरी वेगळी, ज्ञानकोश वेगळा

इंटरनेटवर वेबसाइटच्या याद्या विकिपीडियाच्या आधीपासून होत्या. याहूची सुरुवातच १९९४ मध्ये हाताने केलेल्या वेबसाइटच्या यादीतून झाली. १९९८ मध्ये 'ओपन डिरेक्टरी' आली, जिला लोक 'डीमॉझ' म्हणायचे. तिथे स्वयंसेवक एकेक वेबसाइट तपासून योग्य खणात ठेवायचे. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या शेवटी बंद झाली आणि डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. सर्च इंजिन इतकं सुधारलं की असल्या याद्यांची गरजच उरली नाही.

डिरेक्टरीचं काम काय? नाव, पत्ता, फोन देणं. आपल्याकडे यलो पेजेस किंवा जस्टडायल. तिथे तुम्ही धंदा करता, एवढं कारण नोंदीला पुरतं.

विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला, मराठी विकिपीडिया २००३ मध्ये. तो ज्ञानकोश आहे. त्याचं काम एखादा विषय समजावून सांगणं. "आम्ही डिरेक्टरी नाही, आम्ही लिंकांचं गोदाम नाही" हे त्यांच्या धोरणातच लिहिलंय. 'मी पण धंदा करतो, मग माझं नाव का नाही?' हा प्रश्न जस्टडायलला विचारला तर बरोबर आहे. विकिपीडियाला विचारला तर पत्ताच चुकला.

अजून एक गोष्ट. विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे, ती देणग्यांवर चालते. तिथे जाहिरात नाही आणि जागा विकायला नाही. लेख लिहिणारे, तपासणारे, उडवणारे सगळे स्वयंसेवक. त्यामुळे "आमची विकिपीडियाशी टायअप आहे" असं कुणी म्हणालं तर तिथेच सावध व्हा.

तीन जागा, तीन वेगळे नियम

विकिपीडियावर वेबसाइटचं नाव किंवा लिंक तीन ठिकाणी दिसते. बहुतेक लोक तिघांची खिचडी करतात.

पहिली जागा म्हणजे यादी-लेख. उदाहरणार्थ, इंग्रजी विकिपीडियावर सोशल नेटवर्किंग सेवांची यादी आहे. दुसरी जागा म्हणजे लेखाच्या तळाशी असणारे 'बाह्य दुवे'. आणि तिसरी म्हणजे 'संदर्भ', म्हणजे लेखातली माहिती कुठून घेतली त्याचा पुरावा.

गंमत बघा. त्या सोशल नेटवर्किंगच्या यादीत एखाद्या नावावर क्लिक केलं तर ती वेबसाइट उघडत नाही, तिच्यावरचा विकिपीडियाचाच लेख उघडतो. यादीच्या मधोमध बाहेरची लिंक टाकली की जाणकार संपादक ती काढून टाकतात. म्हणजे 'यादीत नाव आलं की गिऱ्हाईक थेट माझ्या साइटवर' हा हिशोब इथेच फसतो.

आता ते चार प्रश्न. अनुभवी संपादक एखादी नोंद ठेवायची की काढायची हे ठरवताना साधारण हेच बघतात.

प्रश्न १ : तुमच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलंय का?

याला मराठी विकिपीडियावर 'उल्लेखनीयता' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. तुमच्याशी देणंघेणं नसलेल्या, भरवशाच्या माध्यमांनी तुमच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं हवं. आणि तेही एकाच ठिकाणी नाही, एकापेक्षा जास्त ठिकाणी.

इथे काय चालत नाही ते नीट वाचा. तुमची स्वतःची वेबसाइट चालत नाही. तुम्ही पाठवलेलं प्रसिद्धिपत्रक पेपरने जसंच्या तसं छापलं, तर ते चालत नाही. पैसे देऊन छापून आणलेला लेख चालत नाही. तुमची मुलाखत, ज्यात सगळं तुम्हीच बोलताय, तिलाही फारसं वजन नाही. 'नवीन शाखेचं उद्घाटन झालं' अशी दोन ओळींची बातमी, तीही नाही. फेसबुकवरचे लाइक तर मोजतच नाहीत.

मग चालतं काय? एखाद्या पत्रकाराने स्वतःहून येऊन, चार लोकांशी बोलून लिहिलेला लेख. एखाद्या पुस्तकात तुमच्या उद्योगावर आलेली दोन-तीन पानं. एखाद्या अभ्यासकाने केलेला अभ्यास.

आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते : संदर्भ इंग्रजीच हवा असं नाही आणि तो इंटरनेटवरच हवा असंही नाही. जुन्या मराठी पेपरमधला छापील लेखसुद्धा चालतो. फक्त पेपरचं नाव, तारीख, पान आणि लेखकाचं नाव सांगता आलं पाहिजे. आजोबांच्या काळापासून चालत आलेलं दुकान असेल, तर कपाटातली ती पिवळी कात्रणं रद्दीत घालू नका. तारीख लिहून, स्कॅन करून जपून ठेवा.

प्रश्न २ : या यादीची व्याख्या काय आहे?

चांगल्या यादीच्या डोक्यावर लिहिलेलं असतं की इथे कोण येणार. त्या सोशल नेटवर्किंगच्या यादीचा नियम काय? सेवा आज चालू असली पाहिजे, तिच्यावर विकिपीडियात स्वतंत्र लेख असला पाहिजे आणि लग्न-डेटिंगच्या साइट यात धरायच्या नाहीत. तीन अटी, विषय संपला.

ऑर्कुट आठवतंय? २००४ मध्ये सुरू झालं, भारतात घराघरांत पोचलं, ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. चालू सेवांच्या यादीत ते बसत नाही. पण म्हणून विकिपीडियातून गेलं का? नाही. त्याच्यावर लेख आहे आणि बंद पडलेल्या सेवांची वेगळी यादीसुद्धा आहे. कारण उल्लेखनीयता एकदा मिळाली की धंदा बंद झाला म्हणून जात नाही.

म्हणजे बघा, बंद पडलेलं ऑर्कुट आत आणि आज व्यवस्थित चालणारी एखादी छोटी वेबसाइट बाहेर. विचित्र वाटतं ना? डिरेक्टरी म्हणून बघितलं तर विचित्रच आहे. ज्ञानकोश म्हणून बघितलं तर बरोबर आहे. पन्नास वर्षांनी इंटरनेटचा इतिहास वाचणाऱ्याला ऑर्कुट माहीत असायला हवं.

व्याख्या नसेल तर काय होतं? कुणीतरी आपलं नाव घुसवतो, ते बघून दुसरा घुसवतो, आणि महिन्याभरात यादीची जाहिरातीची भिंत होते. नियम कडक आहेत ते यासाठी.

प्रश्न ३ : वाचकाला त्या लिंकमधून काय मिळणार?

हा प्रश्न 'बाह्य दुव्यां'साठी. पैठणीचं उदाहरण घेऊ. पैठणीवरचा लेख वाचणाऱ्याला काय हवं असतं? पैठणचा इतिहास, येवल्याचे हातमाग, पदर आणि काठ कसे विणतात, खरी पैठणी कशी ओळखायची. आता त्या लेखाखाली दहा दुकानदारांनी आपापल्या ऑनलाइन दुकानाची लिंक टाकली तर?

संपादक सरळ विचारतो : लेखात नाही असं काय आहे या पानावर? जर ते पान मुख्यतः साडी विकण्यासाठी असेल, तर लिंक जाते. तुमची साडी अस्सल असली तरी जाते. कारण तुमची ठेवली तर बाकी नऊ जणांची का नाही, याला उत्तर नाही. त्याउलट एखाद्या संग्रहालयाचं जुन्या पैठण्यांच्या फोटोंचं पान असेल तर ते राहण्याची शक्यता जास्त, कारण तिथे शिकण्यासारखं काही आहे.

लॉगिन केल्याशिवाय किंवा पैसे भरल्याशिवाय न उघडणारी पानं, फेसबुक-इन्स्टाची पानं, वैयक्तिक ब्लॉग हेही सहसा टाळतात. एक अपवाद आहे. लेखच तुमच्या कंपनीवर असेल तर कंपनीची अधिकृत वेबसाइट तिथे देतात, मग त्यावर विक्री होत असली तरी. पण त्यासाठी आधी लेख टिकला पाहिजे. म्हणजे पुन्हा प्रश्न १.

प्रश्न ४ : जोडणारा कोण आहे?

विकिपीडिया कुणीही संपादित करू शकतो, मग मी माझंच नाव टाकलं तर काय बिघडलं?

टाकता येतं. पण प्रत्येक बदल 'इतिहास' या पानावर कायमचा नोंदला जातो. कुणी केला, कधी केला, काय केला, सगळं. एखादा सदस्य आला, पाच लेखांत एकाच वेबसाइटची लिंक टाकून गेला, की ते लगेच डोळ्यावर येतं. स्वतःचा फायदा असलेल्या विषयात स्वतः हात घालू नये, लेखाच्या 'चर्चा' पानावर जाऊन "मी या कंपनीचा माणूस आहे, ही माहिती चुकली आहे, हा पुरावा बघा" असं सांगावं, अशी तिथली रीत आहे. आणि पैसे घेऊन लिहिणाऱ्याने, कुणाकडून पैसे घेतले ते जाहीर करणं २०१४ पासून वापराच्या अटींमध्येच आहे.

न ऐकता लिंक टाकतच राहिलात तर? तुमचा वेबपत्ता काळ्या यादीत जाऊ शकतो. मग त्या पत्त्याची लिंक असलेला बदल जतनच होत नाही, कुणीही केला तरी. सगळ्या भाषांच्या विकिपीडियांना लागू होणारी सामाईक काळी यादीही आहे. म्हणून "इंग्रजीत जमलं नाही तर मराठीत टाकू, तिथे कोण बघतंय" ही आयडिया सोडून द्या.

आणि गूगलचा फायदा?

लिंक विकणारा सांगतो, "विकिपीडियावरून लिंक मिळाली की गूगलमध्ये वर येता." यामागचं तंत्र माहीत करून घ्या. लिंकला 'नोफॉलो' नावाची एक खूण लावता येते. तिचा अर्थ सर्च इंजिनसाठी असा : ही लिंक आहे, पण ही आमची शिफारस समजू नका. लिंकांचा कचरा थांबावा म्हणून इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २००७ पासून बाहेरच्या सगळ्या लिंकना ही खूण लावली. ज्या फायद्याच्या नावाने तुमच्याकडून पैसे घेतले जातात, त्याच्या वाटेवर गेट कधीच बसलंय.

आता फसवणुकीची खरी गोष्ट

ऑगस्ट २०१५ च्या शेवटी इंग्रजी विकिपीडियावर एक मोठं प्रकरण बाहेर आलं. पहिल्या संशयित खात्याच्या नावावरून त्याला 'ऑरेंजमूडी' म्हणतात. एकमेकांशी जोडलेली ३८१ खाती ब्लॉक झाली आणि त्यांनी तयार केलेले २१० लेख उडवले गेले. त्यातले बरेच लेख व्यवसाय, व्यावसायिक आणि कलाकार यांच्यावरचे होते.

त्यांची पद्धत बघा. विकिपीडियाने नाकारलेले मसुदे ते शोधायचे. ज्याच्यावर तो मसुदा असेल त्याला गाठायचे. "आम्ही जुने संपादक आहोत, पैसे द्या, लेख लावून देतो." लेख लागायचा. मग काही दिवसांनी पुन्हा फोन किंवा मेल : "लेख उडू नये, कुणी खोडसाळपणा करू नये यासाठी राखणीचे पैसे द्या." गल्लीतल्या हप्त्यासारखंच की हे! आणि शेवटी लेखही गेले, पैसेही गेले.

म्हणून कुणी ऑफर दिली तर त्याला तीन गोष्टी विचारा.

- विकिपीडियावर तुमचं सदस्यनाव काय? आणि तिथे तुम्ही पैसे घेऊन लिहिता हे जाहीर केलंय का?
- माझ्याबद्दलचे कुठले स्वतंत्र संदर्भ तुम्ही वापरणार? यादी दाखवा.
- सहा महिन्यांनी लेख उडाला तर काय?

'गॅरंटी', 'ॲडमिन आपला माणूस आहे', 'दरमहा मेंटेनन्स' यातला एक शब्द जरी ऐकू आला तरी फोन ठेवा.

हे न्याय्य आहे का?

तुमच्या मनात आलं असेल, की मग हा खेळ मोठ्यांचाच झाला. गुंतवणूकदारांचा पैसा घेतलेल्या स्टार्टअपवर इंग्रजी पेपर पानं भरून लिहितात. तालुक्याच्या गावात साठ वर्षं चाललेल्या खानावळीवर कुणी एक ओळ लिहीत नाही. मग स्टार्टअप आत आणि खानावळ बाहेर.

ही तक्रार खरी आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलं जात नाही ते ज्ञानकोशातही येत नाहीत, आणि यात लहान गावं आणि लहान भाषा मागे पडतात. पण यावर उपाय म्हणजे नियम वाकवणं नाही. तसं केलं तर खानावळीच्या आधी त्या दारातून पैसेवालेच आत घुसतील. उपाय म्हणजे आपल्याकडच्या धंद्यांबद्दल मराठीत नीट, स्वतंत्र लिखाण व्हायला हवं. गावावर पुस्तक लिहिणारा कुणी असेल, कॉलेजमधली मुलं बाजारपेठेचा प्रकल्प करत असतील, तर त्यांना वेळ द्या, जुनी वही-खाती दाखवा. फक्त "आमचं चांगलंच लिहा" असं सांगू नका. तसं सांगितलं की त्या लिखाणाचं वजन गेलं.

आणि अजून एक सांगतो. तुमच्यावर लेख झाला तरी तो तुमचा नसतो. उद्या ग्राहक न्यायालयात तुमच्याविरुद्ध निकाल लागला आणि पेपरात आला, तर तोही तिथे येऊ शकतो. तुम्हाला तो पुसता येणार नाही. दुकानाची पाटी तुमची असते, ज्ञानकोशाचं पान नाही.

मग करायचं काय?

ते २५,००० रुपये खिशात ठेवा आणि ही कामं करा.

१. गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरा. फुकट आहे. वेळ, फोन, फोटो, पत्ता अचूक ठेवा. जवळपास शोधणारं गिऱ्हाईक तुम्हाला तिथेच शोधतं.

२. उद्यम नोंदणी नसेल तर सरकारी पोर्टलवर करून घ्या. तीही फुकट आहे, तिच्यासाठीही एजंटला पैसे देऊ नका.

३. डिरेक्टरीत नोंद करा. तुमच्या व्यापारी संघटनेची यादी, जस्टडायल वगैरे. नावनोंदणीसाठी ती योग्य जागा आहे.

४. वेबसाइटवर एक पान असं करा जे वाचून ग्राहक काही शिकेल. साडीवाले असाल तर हातमाग आणि यंत्रमागातला फरक फोटोसकट दाखवा. विकिपीडियाने घेतलं नाही तरी गिऱ्हाईक घेईल.

५. विकिपीडियाला काही द्यायचंच असेल तर ज्ञान द्या. तुमच्या कलेचे स्वतः काढलेले चांगले फोटो 'विकिमीडिया कॉमन्स'वर टाका. एक लक्षात ठेवा, ते फोटो कुणीही, अगदी धंद्यासाठीही वापरू शकतो. फोटोवर दुकानाचा शिक्का नको.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे तुम्ही स्वतःबद्दल जे म्हणता ते लिहा : 'शहरातलं सर्वात विश्वासू दुकान', 'दर्जेदार माल', जे काही असेल ते. उजवीकडे, तीच गोष्ट तुमच्याबद्दल दुसऱ्या कुणी, पैसे न घेता, कुठे लिहिली किंवा सांगितली आहे ते लिहा. तारखेसकट.

डावी बाजू भरलेली आणि उजवी रिकामी असेल तर घाबरू नका. नवीन धंद्यात तसंच असतं. पण कुठलाही एजंट पैसे घेऊन ती उजवी बाजू भरून देऊ शकत नाही. ती गिऱ्हाईक भरतं, हळूहळू, माल आणि शब्द दोन्ही पाळले तर.

कागद भरून झाला की जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघा. उजवीकडे किती ओळी वाढल्या ते मोजा. भेटू पुढच्या व्हिडिओत.